सड्यावरची नोंद

सकाळी सहा दहा. वारा वायव्येचा, बेताचा.
गायबगळे अकरा, सुक्या गवतात, पूर्व टोकाला.
घार एक, उंच.
कोल्हा नाही. त्याची विष्ठा आहे, ताजी,
दिव्याच्या खांबाजवळ, करवंदाच्या बियांसकट.

ही माझी भाषा झाली आता.
आधी मी याच सड्यावर आमची तीन ढोरं चारायचो.
त्याहीआधी, पोर असताना, खालच्या मळ्यात
भाताला पोपट लागले की
आई हातात पत्र्याचा डबा द्यायची, बडवायला.
डबा तोच आहे. फक्त सरकारी झालाय,
गॅसवर चालतो,
दर चौदा मिनिटांनी आपला आपण दणका देतो.
पहिल्या आठवड्यात पाखरं दचकली.
दुसऱ्या आठवड्यात एक वेडा राघू
त्याच्या नळीवर बसून माशी गिळताना दिसला.

खंडारेसाहेब अकोल्याकडचे. त्यांनी गवत शिकवलं.
वीतभर ठेवायचं, कांबळी, वीतभर.
फार छाटलं तर टिटवीला अंगण,
फार वाढलं तर सशाला घर.
पाणी साचू द्यायचं नाही. पाण्याला बेडूक, बेडकाला बगळे.
म्हणून कातळातले खळगे आम्ही सिमेंटने भरले.
तिथे भाद्रपदात सीतेची आसवं फुलायची, निळीजांभळी, बोटभर.
ती नोंदवहीत येत नाहीत.
ती उडत नाहीत.

परवा वेंगुर्ल्याच्या वाटेवर रेमेदबायकडे गेलो.
पावसाच्या बेगमीचे बांगडे वाळत होते,
बाजूला आतड्यांचा ढीग, त्यावर घारींचं चक्र,
आणि ते चक्र वर चढत चढत
थेट विमानाच्या उतरणीत.
म्हटलं, बाय, घाण पुरून टाक, वर धोको आसा.
ती खवले काढतच राहिली.
"घारी काय माझ्यो पाळलेल्यो आसत?
तुझ्या इमानाक सांग, जरा बाजूक जा म्हणान."
मी उठलो, चपला शोधू लागलो, तेव्हा म्हणाली,
"खड्डो कितको खोल व्हयो?"

माघात एक घार लागली होती. नाकाला.
आत बसलेल्यांना कळलंही नाही.
मी धावपट्टीवरून पिसं वेचली, बारा,
पाकिटात घातली, वर तारीख लिहिली.
उरलेलं फडक्याने पुसून घेतलं.
साहेब म्हणाले, नमुना पुढे जाईल, जात कळवतील.
जात मला माहीत होती.
पांढरं डोकं, विटकरी पाठ.
सुरूच्या बनात तिसऱ्या झाडावर असायची.

आणि आज, पश्चिमेच्या टोकाला, खडीत, चार अंडी.
खडीच्याच रंगाची. पाय पडला असता.
टिटवी डोक्यावरून किंचाळत फिरली,
मग खाली उतरून लंगडू लागली,
पंख मोडल्याचं सोंग घेऊन, मला लांब न्यायला.
म्हणतात ती पाय वर करून झोपते,
आभाळ कोसळलं तर झेलायला.
लोक हसतात. मी नाही हसत.
इथे रोज एक वाजून वीस मिनिटांनी
आभाळातून काहीतरी खाली येतंच.

मी तिच्या मागे गेलो. दहा पावलं, बारा.
फसल्यासारखं केलं.
मग परत फिरलो. अंडी गरम होती,
चारही टोपीत मावली.

विमान वेळेवर उतरलं.
खिडकीतून एका मुलाने हात हलवला, बहुतेक मलाच.
माझ्या एका हातात टोपी होती, दुसऱ्यात वही.

टिटवी, एक. अंडी चार, हटवली.
वेळ: बारा चाळीस.
उडून गेली ती दिशा:

हा रकाना तेवढा कोरा आहे, साहेब.
ती अजून तिथेच ओरडतेय.